मित्राने मरण मागितले तेव्हा

मागच्या रविवारी विहारातल्या अभ्यासवर्गात पहिल्या शीलावर चर्चा चालू होती. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील. एक तरुण कार्यकर्ता उभा राहिला आणि म्हणाला, "जिवलग मित्र असह्य वेदनेत आहे, तो बरा होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि तो स्वतःच म्हणतोय की मला मारून टाका. मग त्याला मारणं म्हणजे शील मोडणं की करुणा?" सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. कारण आमच्यावर ही वेळ येऊन गेली आहे हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी आम्ही धड उत्तर दिले नाही. दोन-चार गोष्टी इकडच्या तिकडच्या सांगितल्या आणि वेळ झाली म्हणून बैठक आटोपली. उत्तर टाळले, हे कबूल. म्हणून हा लेख.

इथे 'आम्ही' म्हणजे तिघे. एकेकाळी चौघे होतो. वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहिलो, एकाच ताटात जेवलो, नामांतराच्या मोर्चात एकत्र लाठ्या खाल्ल्या. चौथा पेंटर होता. तालुक्यातल्या निम्म्या शाखांचे निळे फलक त्याच्या हातचे. फ्लेक्स आले आणि त्याचा धंदा बसला, तरी जयंतीला बाबासाहेबांचे चित्र मात्र त्याच्याचकडून काढून घ्यायचे असा वस्तीचा हट्ट असे. शिडीवर तासन् तास उभे राहायचे तर तोंडात गुटख्याची पुडी हवीच. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. कागदावर. त्याला शेवटपर्यंत एकही दिवस पुडी मिळाली नाही असे झाले नाही.

करोनाची दुसरी लाट ओसरली आणि त्याच्या गालाच्या आत गाठ निघाली. फुले योजनेच्या कार्डावर जबड्याचे ऑपरेशन झाले, शेक झाले. सहा महिन्यांत गाठ परत आली. डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितले, "आता घरी न्या, सेवा करा." सेवा म्हणजे काय करायचे, हे कोणी सांगितले नाही. हातावर साध्या वेदनाशामक गोळ्यांचे पाकीट ठेवले. त्या गोळ्यांनी त्याची डोकेदुखीही थांबली नसती.

पुढचे तीन महिने आम्ही काय पाहिले ते थोडक्यात सांगतो, कारण ज्यांनी असा पेशंट पाहिला नाही त्यांच्याशी या विषयावर तात्त्विक वाद घालण्यात अर्थ नाही. गालाला आरपार जखम झाली. नाकातल्या नळीतून पातळ अन्न. जखमेत अळ्या. आम्ही चिमट्याने त्या काढायचो आणि तो पलंगाची पट्टी घट्ट धरून पडलेला असायचा. घराला असा वास की शेजारचे लोक दारापर्यंत येऊन परत जायचे. आपलेच लोक, जयभीम करणारे. बोलता येत नव्हते म्हणून तो वहीत लिहायचा. एक दिवस त्याने लिहिले, "आज्याला लोक सावली पडू देत नव्हते, मला वास येऊ देत नाहीत." ते वाचून आम्ही मान खाली घातली.

आणि मग एका रात्री त्याच सुंदर, वळणदार पेंटरी अक्षरात: "लई झालं. मला सोडवा. तुम्ही तिघंच करू शकता. आईला सांगू नका."

आमच्यापैकी एकाने गोळ्या जमवल्या. नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही, कारण जमवणारा एक असला तरी माहीत तिघांनाही होते. विहाराच्या मागच्या ओट्यावर बसून आम्ही पहाटेपर्यंत भांडलो.

त्या रात्रीच्या भांडणात बाबासाहेबही आले, बुद्धही आला. आमच्यातला एक म्हणाला, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी स्पष्ट केले आहे की बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे. नियम माणसाला बांधतो, तत्त्व विचार करायला मोकळीक देते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्ध फरक करतो. यज्ञातली पशुहत्या ही निव्वळ इच्छा, म्हणून ती त्याज्य. "मग आपल्याला मारण्याची इच्छा आहे का? नाही. गरज आहे का? त्याच्या तोंडाकडे बघून सांगा, नाही म्हणून."

युक्तिवाद बिनतोड वाटला होता. आजही तो हलका वाटत नाही. पण गरज आहे हे ठरवण्याआधी दुसरा कोणताच मार्ग उरला नाही हे सिद्ध करावे लागते. आम्ही ते केले होते का? जिल्ह्याच्या एका डॉक्टरने हात वर केले म्हणजे सगळे मार्ग संपले असे आम्ही धरून चाललो होतो. जी व्यवस्था आमच्या पोराला आठवी नापास झाल्यावर "याच्यात काही दम नाही" म्हणते आणि आम्ही ते कधीच मान्य करत नाही, त्याच व्यवस्थेने "आता काही होणार नाही" म्हटल्यावर आम्ही गुमान मान्य केले होते.

विनयपिटकातली गोष्ट आम्हाला तेव्हा माहीत नव्हती, नंतर वाचली. चळवळीतल्या प्रत्येकाने ती वाचावी, कारण मित्रामित्रांतल्या दयामरणाचा प्रश्न त्यात जसाच्या तसा आहे. एक भिक्खू आजारी होता. त्याच्या सोबतच्या भिक्खूंनी त्याच्यावरच्या करुणेपोटी त्याला मरणाची थोरवी सांगितली. तो मेला. मागून त्यांना पश्चात्ताप झाला, ते बुद्धाकडे गेले. बुद्धाने सांगितले, हा पाराजिक दोष आहे. पाराजिक म्हणजे ज्याने भिक्खू संघातून कायमचा बाहेर जातो तो. दुसरी गोष्ट वधस्तंभापाशी गेलेल्या भिक्खूची. तो जल्लादाला म्हणाला, याला तडफडवू नकोस, एका घावात संपव. त्यालाही तोच दोष लागला. पाठात हेतू लपवलेला नाही, करुणा होती असे सरळ म्हटले आहे. तरीही.

हे वाचून पहिल्यांदा आम्हाला राग आला. करुणेचा सागर म्हणवणारा बुद्ध इतका कठोर कसा? मग त्याच पिटकातली या नियमामागची हकिगत वाचली. वैशालीत बुद्धाने भिक्खूंना देहाच्या अशुभतेवर ध्यान करायला सांगितले आणि स्वतः एकांतात गेला. भिक्खूंना आपल्या शरीराची इतकी किळस आली की ते एकमेकांना मारू लागले, दुसऱ्याकडून स्वतःला मारून घेऊ लागले. बुद्ध परत आला तर संघ विरळ झालेला. त्याने आनंदाला कारण विचारले. आणि मग काय केले? नियम घातलाच, पण आधी ध्यानाची पद्धत बदलली. श्वासावर लक्ष द्यायला शिकवले. म्हणजे लोक मरण मागू लागले तर मागणाऱ्याला काय म्हणायचे यापेक्षा त्याला मरण हवेसे कशाने वाटले हे आधी बघायचे आणि ते कारण दूर करायचे.

आणखी एक आठवण करून देतो. छन्न नावाचा भिक्खू असह्य आजारात शस्त्राने जीव द्यायला निघाला होता. सारिपुत्त त्याला भेटायला गेला. त्याने आधी प्रवचन दिले नाही. योग्य अन्न मिळत नसेल तर मी आणतो, औषध नसेल तर मी शोधतो, सेवेला माणूस नसेल तर मी राहतो, असे तो म्हणाला. छन्न म्हणाला, हे सगळे मला मिळते आहे. पुढे छन्नाने जीव दिलाच, आणि बुद्धाने त्याला दोष दिला नाही. त्याचा अर्थ काय यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण सारिपुत्ताच्या प्रश्नांचा क्रम आमच्या डोक्यात बसला आहे. त्या रात्री ओट्यावर आम्ही बसलो होतो तेव्हा आम्हाला छन्नाचे उत्तर देता आले नसते. अन्न, औषध, सेवा यातले औषध आम्ही शोधलेच नव्हते.

पहाटे आमच्यातला तिसरा, जो रात्रभर गप्प होता, म्हणाला, "मुंबईला तरी जाऊन येऊ." त्याच दिवशी फाईल घेऊन दोघे देवगिरी एक्स्प्रेसने निघाले.

तिथे मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. दर चार तासांनी एक, नळीतून कुटून द्यायची. रात्री झोपताना दोन, म्हणजे मध्ये उठवावे लागत नाही. पोट साफ होण्याचे औषध सोबत. जखमेवर एका साध्या जंतुनाशक गोळीची पूड भुरभुरायची, वास कमी होतो. एवढेच. चौथ्या दिवशी तो सलग सहा तास झोपला. उठल्यावर वहीत लिहिले, "चहा." चमच्याने जिभेवर ठेवला.

आम्हाला आनंद झाला, पण त्याहून जास्त संताप आला. हे औषध आहे, स्वस्त आहे. ज्या अफूपासून ते बनते ती याच देशात, मध्य प्रदेशात, राजस्थानात, सरकारच्या परवान्याने पिकते आणि परदेशात विकली जाते. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याने डॉक्टर-दुकानदारांच्या मनात अशी धास्ती बसवली की मॉर्फिन ठेवायला कोणी धजेना. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन परवाने सोपे झाले, पण आमच्या जिल्ह्यात ती दुरुस्ती पोहोचली नव्हती. केरळने २००८ मध्ये वेदनाशमन आणि घरपोच सेवेचे धोरण केले, ग्रामपंचायतींना त्यात जोडले. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या आमच्या राज्यात एका पेंटरच्या वेदनेसाठी दोन माणसांना रात्रभर रेल्वेत उभे राहून मुंबई गाठावी लागते. आणि त्याने "मला मारा" म्हटले की आम्ही त्याला इच्छामरणाचा हक्क वगैरे म्हणणार?

म्हणूनच 'दयामरण' या शब्दावर आमचा आक्षेप आहे. त्यात मरणारा दिसतो, मारणारा दिसत नाही. कुणी, कुठल्या परिस्थितीत, कुणाच्या सोयीसाठी, हे सगळे त्या 'दये'खाली झाकले जाते. तामिळनाडूच्या दक्षिण भागात थलैकूथल नावाची प्रथा आहे. थकलेल्या म्हाताऱ्यांना भल्या पहाटे तेलाने न्हाऊ घालतात, नारळपाणी पाजत राहतात, आणि ते मरतात. घरचेच करतात, दयेने करतात. श्रीमंतांच्या घरात ही दया फार सुचत नाही.

आपल्या समाजाला तर हे नवीन नाही. ज्याच्या जगण्याला किंमत नाही असे आधीच ठरले आहे, त्याच्या मरणाला दया म्हणणे फार सोपे जाते. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला तेव्हा ही आत्महत्या नव्हे, संस्थात्मक खून आहे असे आम्ही रस्त्यावर येऊन म्हणालो. मग आमच्याच मित्राने वहीत "मला सोडवा" लिहिले तेव्हा ती त्याची स्वतंत्र इच्छा, असे कसे म्हणायचे? त्या वाक्यात गुटखा होता, न मिळालेले मॉर्फिन होते, दारातून परत जाणारे शेजारी होते. आम्ही गोळ्या दिल्या असत्या तर या सगळ्यांचे काम आमच्या हातांनी पुरे झाले असते.

मरण कोणाचे आहे त्यावर त्याचे नावही बदलते. सावरकरांनी १९६६ मध्ये अन्न-औषध सोडून देह ठेवला, त्याला आत्मार्पण म्हटले गेले. विनोबांनी १९८२ मध्ये तेच केले, लोक दर्शनाला गेले. जैनांच्या संथाऱ्याला राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ च्या ऑगस्टमध्ये आत्महत्या ठरवले, तर त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. आणि मारुती श्रीपती दुबल हा मुंबई पोलिसांतला शिपाई. अपघातानंतर त्याचे मानसिक संतुलन बिघडलेले. बायकोच्या भाजीच्या स्टॉलच्या परवान्यासाठी खेटे घालून महापालिकेसमोर त्याने पेटवून घ्यायचा प्रयत्न केला, तर कलम ३०९. त्याच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले. निकाल देणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि बी. जी. कोळसे-पाटील, ही नावे आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही असे सांगून ते फिरवले.

मित्राच्या बाजूने कायदा काय म्हणतो? अठरा वर्षांवरील माणसाच्या संमतीने त्याला मारले तर तो खून धरला जात नाही, पण सदोष मनुष्यवध होतोच, आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. जुन्या दंडसंहितेत होते तेच नव्या न्याय संहितेत आहे. म्हणजे कायदा संमती बघतो, पण माफ करत नाही.

अरुणा शानबाग यांच्या खटल्यात मैत्रीचा प्रश्न थेट न्यायालयापुढे आला होता. १९७३ मधल्या हल्ल्यानंतर केईएममधली ही परिचारिका तिथेच पडून होती. पिंकी विराणी तिच्या 'नेक्स्ट फ्रेंड', म्हणजे सर्वांत निकटच्या मित्र म्हणून, तिचे अन्न थांबवावे अशी याचिका घेऊन गेल्या. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने विराणींच्या तळमळीबद्दल आदर दाखवला, पण सांगितले की तिचा निकटचा मित्र म्हणजे तिला इतकी वर्षे भरवणारा, पुसणारा केईएमचा कर्मचारीवर्ग. त्या परिचारिकांना तिला मरू द्यायचे नव्हते. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने ती गेली तोपर्यंत त्यांनी तिला सांभाळले. त्या निकालावर टीका करता येईल, ती आम्हीही करतो. अरुणाला स्वतःला काय हवे होते हे कोणालाच कळायला मार्ग नव्हता. पण मित्र कोण, हे शरीराची सेवा कोणी केली यावरून ठरवावे, ही कसोटी आम्हाला पटते. मरणावर बोलण्याचा अधिकार आधी गू-मूत काढणाऱ्याचा.

इथवर आमचे तिघांचे एकमत आहे. यापुढे नाही.

वेदना थांबल्यावर तो सात आठवडे जगला, आणि बरा जगला. जयंतीचा फलक रंगवणाऱ्या पोराला घरी बोलावून 'आंबेडकर'मधल्या अक्षरांतले अंतर चुकले म्हणून वहीत शिव्या लिहिल्या. मग एका संध्याकाळी त्याने आम्हाला बसवून घेतले आणि लिहिले, "आता दुखत नाही. डोकं जाग्यावर आहे. तरी बस झालं. नळी काढा. आणि उगं दिवस मोजायला लावू नका, त्याच गोळ्या जास्त द्या."

पहिल्या वेळी आम्ही वेदनेला उत्तर दिले होते. या वेळी वेदना नव्हती. इथे आमचा सारिपुत्त संपला. अन्न होते, औषध होते, सेवा होती. समोर बसलेला माणूस आमच्या चौघांत सगळ्यात स्पष्ट डोक्याचा होता आणि तो शांतपणे मागत होता.

नळी आम्ही काढली. उपचार नाकारणे हा त्याचा अधिकार आहे, त्यात आम्हाला शंका नव्हती. पण गोळ्या वाढवल्या नाहीत. दुखणे थांबवण्यापुरत्या, जिभेखाली ठेवून, देत राहिलो. तो नऊ दिवसांनी गेला. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "लेकरानं मागितलं ते दिलं न्हाई का रे तुम्ही?" तिला सगळे माहीत होते. आम्ही काही बोललो नाही.

आमच्यातल्या दोघांचे म्हणणे असे की आम्ही केले ते बरोबर. नळी काढणे आणि गोळ्या वाढवणे यात फरक आहे. एकात आजार माणसाला नेतो, दुसऱ्यात मित्र. आज एका शहाण्या, वेदनामुक्त माणसासाठी हे दार उघडले की उद्या त्यातून कोणाकोणाला ढकलले जाईल, हे आपल्या लोकांना इतिहासावरून कळायला हवे. त्याच्यावरचे आमचे प्रेम हा परवाना होऊ शकत नाही. प्रेम तर थलैकूथल करणाऱ्या मुलांचेही असते.

तिसऱ्याचे म्हणणे वेगळे आहे, आणि ते छापल्याशिवाय हा लेख प्रसिद्ध करायला त्याने परवानगी दिली नाही. तो म्हणतो, "फरक काय? नळी काढताना तो मरणार हे तिघांनाही माहीत होतं. तुम्ही मरणाला हो म्हणालात, फक्त सावकाश मरणाला. नऊ दिवस त्याने भोगले आणि तुमचं शील शाबूत राहिलं. शील कोणासाठी असतं, पाळणाऱ्यासाठी की समोरच्यासाठी? बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यात फरक केला तो याच वेळेसाठी. तुम्ही नियम पाळला." उद्या त्याच्यावर अशी वेळ आली आणि आम्ही पुन्हा नऊ दिवस लावले तर तो आम्हाला माफ करणार नाही, असेही त्याने बजावले आहे.

आम्ही दोघे त्याला खोडून काढू शकलेलो नाही. एवढेच म्हणू शकतो की त्या संध्याकाळी त्याच्या जागी दुसऱ्या कुणी मित्राने गोळ्या वाढवल्या असत्या तर आम्ही त्याला खुनी म्हटले नसते, त्याच्या जामिनाला उभे राहिलो असतो. पण तो बरोबर वागला, इतरांनीही तसे वागावे, असे विहारात उभे राहून शिकवले नसते. एखाद्याला समजून घेणे आणि त्याच्या कृतीला नैतिक म्हणणे या दोन गोष्टी आहेत. तिसरा म्हणतो, ही पळवाट आहे. असेल.

तर अभ्यासवर्गात प्रश्न विचारणाऱ्या त्या मित्राला: प्रश्न तुझ्या घरात आला तर आधी मॉर्फिन कुठे मिळते ते शोध. जिल्हा रुग्णालयात नसेल तर आम्हाला सांग, त्याच्यासाठी निवेदन, धरणे, माहिती अधिकार, काय लागेल ते करू. गेल्या वर्षी दोन निवेदने दिली आहेत, उत्तर आलेले नाही.

आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेले, २०२३ मध्ये सोपे केलेले इच्छापत्र आम्ही तिघांनी केले आहे. आपण शुद्धीवर नसू तेव्हा कोणते उपचार नकोत हे त्यात लिहायचे असते. दोन साक्षीदार लागतात आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. आधी न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे लागे, ते आता नाही. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा त्या पालकाचे किंवा जवळच्या नातेवाइकाचे नाव त्यात घालावे लागते. नोटरीच्या टेबलावर तिसऱ्याने आमच्या दोघांपैकी कोणाचेच नाव घातले नाही. बायकोचे घातले. बाहेर येऊन चहा घेतला तेव्हा त्याने तसे सांगितले, आणि चहाचे पैसे त्यानेच दिले.